जिभेचं टोक

डब्यावर पेन्सिलीने लिहिलंय: डबा चौथा, अपूर्ण.
झाकण काढलं की व्हिनेगरचा भपकारा,
विसरलेल्या लोणच्याच्या बरणीत नाक घातल्यासारखा.
ही दुसरी प्रत. पहिलीची केव्हाच भुकटी झाली.
एकोणतीस वर्षं कोथरूडहून मी एवढ्याचसाठी येते,
लॉ कॉलेज रस्त्यावरच्या या थंड खोलीत,
सुती हातमोजे चढवून
फितीच्या कडेची फाटकी भोकं मोजायला.

आज टेबलावर मिस हेमकला.
रजिस्टरात खरं नाव: विनिफ्रेड हॉकली,
जन्म ग्रिम्स्बी, जिथे म्हणे
आख्ख्या गावाला माशांचा वास येतो.
बाप लष्करात नालबंद.
घोरपडीच्या तबेल्यात ही अकरा वर्षांची पोर
खोगिराशिवाय बसायची, आणि उतर म्हटलं की
मोतद्दारांच्या हिंदुस्थानीत शिव्या द्यायची.

सिनेमा मुका होता तोवर सारं ठीक.
शंकरशेट रस्त्यामागे पत्र्याचा स्टुडिओ,
ही घोड्यावरून थेट नाल्यात,
ही तलवार घेऊन छपरावर,
नऊवारीचा काष्टा असा कसलेला
की बुधवारात पिटात बसलेले हमाल
शिट्टी अर्ध्यावर सोडून म्हणायचे,
बाई आपल्यातली दिसत न्हाई,
पर बसती आपल्यागत.

मग बोलपट आला.

एक अक्षर तिला येईना.
टोक मागे दुमडून वर टेकवायचं
आणि सोडून द्यायचं, पतंगाला ढील दिल्यासारखं.
आपल्याला ते पाजलेलंच असतं.
मीही ते इथे लिहीत नाहीय.
तेवढीच तिला सोबत.

खासनीस मास्तर रोज सायकलने कॅम्पात जात,
तिच्या जिभेखाली खडीसाखर ठेवत, समोर आरसा धरत.
तीन महिने.
शेवटी दिग्दर्शक म्हणाले, राहू द्या,
बाई बदलणार नाही, संवाद बदला.

ते संवाद मी ऐकलेत.
"इकडे ये," ती म्हणते. "अजून इकडे."
"समजलं मला."
"उशीर झाला, निघते."
पोराला लेकरू म्हणते.
जाई म्हणते, शेवंती म्हणते,
पण चिखलात उगवतं त्या फुलाचं नाव घेत नाही.
आकाशाचा रंग कुठला, ते तिन्ही बोलपटांत
दुसरंच कुणीतरी सांगतं.
एका मासिकाने लिहिलं,
'हिच्या वाणीत खानदानी संयम आहे.'
ती म्हणे दोन दिवस हसत होती.

पुढच्या नोंदी त्रोटक. स्टुडिओला आग.
बाप बोटीत बसला, ही बसली नाही.
वानवडीत एक खोली,
मुलींना घोडा शिकवणं,
खुब्याचं हाड दोनदा मोडलेलं.

आणि हा डबा चौथा.
घरातलं दृश्य. ती ताट वाढतेय.
खांबाआडून सुताराचं पोर
वाट चुकून चौकटीत शिरतं,
त्याच्या बरोब्बर वर दोरीला टांगलेलं झुंबर
आणि ते हलतंय.
ती वर बघते.
कॅमेऱ्याला पाठ करते. तेव्हा कुणी करत नसत.
ताट पडतं. आणि

"बाळा! पळ! पळ तिथून!"

इथे फीत तुटलीय.
पुढे नुसता काळा तुकडा.
झुंबर पडलं का, पोराचं काय झालं,
कुठेच लिहिलेलं नाही.
दृश्य वगळलंच असणार त्यांनी,
पण कुणीतरी ते वेगळं गुंडाळून ठेवलं,
मास्तरांनीच असेल, मला आपलं वाटतं.

मी फीत मागे घेते. हळूहळू.
डोळे मिटून ऐकते.
बाळा. पळ. पळ.
तीन वेळा, खणखणीत,
माझ्या आईच्या तोंडून यावं तसं.

तपासणी फॉर्मवर रकाना असतो: ध्वनीतील दोष.
मी बराच वेळ काही लिहीत नाही.
मग रेघ मारते.

सहा वाजता चालत कोपऱ्यावर येते.
बस नेहमीसारखी उशिरा.
कंडक्टर दारातून ओरडतो,
नळ स्टॉप, नळ स्टॉप, चला उतरून घ्या,
आणि चढायचं सोडून मी त्याच्या तोंडाकडे
बघत उभी.
"मावशी, यायचंय का?"